सोडियमला इलेक्ट्रॉन खरंच 'द्यायचा असतो' का? ऐरोलीतल्या अकरावीच्या एका बॅचचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऐरोलीतल्या एका छोट्या क्लासमध्ये मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, आणि शनिवार-रविवारी सकाळी दहावीची सायन्सची बॅच पण घेते. हे प्रकरण अकरावीच्या एका बॅचचं. चौदा मुलं होती, त्यातली नऊ मराठी माध्यमातून आलेली, दिघा, रबाळे, घणसोली या पट्ट्यातली, आणि पाच इंग्रजी माध्यमाची. नावं बदललीयेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मराठी माध्यमाचं मूल अकरावी सायन्सला आलं की पहिले तीन महिने त्याचे शब्द बदलण्यात जातात. संयुजाची व्हॅलन्सी होते, गणाचा ग्रुप, आवर्ताचा पिरियड, अणुत्रिज्येचा ॲटॉमिक रेडियस. पालकांना वाटतं अडचण इंग्रजीची आहे, मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण शब्द दिवाळीपर्यंत बसतात, मुलं हुशार असतात. बदलत नाही ते शब्दाखालचं चित्र, आणि या बॅचमधल्या सहा मुलांच्या मनातलं ते चित्र मी स्वतः काढलेलं होतं, कारण ती माझ्याच दहावीच्या बॅचमधून आलेली.

ते चित्र सगळ्यांना ओळखीचं असेल. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन आहे, त्याला तो देऊन टाकायचाय. क्लोरीनकडे सात आहेत, त्याला एक हवाय. दोघांची गाठ पडते, देवाणघेवाण होते, दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होतं, दोघं खूश. फळ्यावर दोन हसरे चेहरे काढले की वर्गातलं शेवटच्या बाकावरचं मूल पण हात वर करतं. दहावीला यावर पूर्ण मार्क मिळतात.

अडचण

ऑगस्टमध्ये आयनायझेशन एनर्जी शिकवत होते. व्याख्या सांगितली, वायुरूप एकट्या अणूपासून सगळ्यात सैल बांधलेला इलेक्ट्रॉन दूर न्यायला लागणारी ऊर्जा, सोडियमसाठी मोलला ४९६ किलोज्यूल, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळणार तेवढ्यात रबाळ्याच्या मानसीने विचारलं, "बाई, सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो ना? मग तो काढायला आपण एनर्जी कशाला द्यायची? त्याने द्यायला पाहिजे ना आपल्याला?"

मी म्हणाले, प्रत्येक अणूला थोडी तरी लागतेच गं, सोडियमला इतरांपेक्षा कमी लागते एवढंच. हे चुकीचं नाही. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आणि मी तरी पुढे गेले. घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना. मुलीने दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघितली होती, दोन्ही माझीच होती आणि ती जुळत नव्हती.

पुढच्या लेक्चरला मार्क न देता चार प्रश्नांची चिठ्ठी दिली, मराठीत लिहा नाहीतर इंग्लिशमध्ये, चालेल म्हटलं.

पहिला प्रश्न: रिकाम्या जागेत एक सोडियम आयन (एक इलेक्ट्रॉन गेलेला सोडियमचा अणू) आणि एक इलेक्ट्रॉन जवळजवळ सोडून दिले तर काय होईल? चौदापैकी अकरा जणांनी लिहिलं की काहीच होणार नाही, सोडियमचं अष्टक पूर्ण झालंय, तो आता परत घेणार नाही. म्हणजे धन भाराशेजारी ऋण भार ठेवलाय आणि मुलं सांगतायत की ओढ नाही. यातल्या कुणालाही धन-ऋण आकर्षण विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितलं असतं.

दुसरा, सोडियमपासून क्लोरीनपर्यंत अणूचा आकार वाढतो की घटतो आणि का. घटतो हे सगळ्यांनी बरोबर लिहिलं, पण कारण धड फक्त दोघांनी. बाकीच्यांचं कारण म्हणजे 'डावीकडून उजवीकडे कमी होते म्हणून'. एकाने कारणाच्या जागी नुसता बाण काढला होता, आपल्या सगळ्यांच्या पिरियॉडिक टेबलच्या तक्त्यावर, काय कुठल्या दिशेला वाढतं ते दाखवायला असतो तसा. तिसरा, मॅग्नेशियम आणि अल्युमिनियम यांच्यात आयनायझेशन एनर्जी कुणाची जास्त. बारा जणांनी बाणाप्रमाणे अल्युमिनियम लिहिलं. खरे आकडे मॅग्नेशियम ७३८ आणि अल्युमिनियम ५७८. ज्या दोघांचं बरोबर आलं त्यांनी 'अपवाद' एवढंच लिहिलं होतं. चौथा, एका सोडियमला दोन क्लोरीन असं मीठ का नसतं. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, अष्टक मोडेल.

चिठ्ठ्या वाचताना मला भीती वाटली ती चुकीच्या उत्तरांची नाही. बरोबर उत्तरांखाली सुद्धा काही नव्हतं, त्याची.

निर्णयाची पहिली जागा: काय करायचं

पर्याय तसे तीन दिसत होते.

एक, आहे तसं पुढे जायचं आणि अपवादांची यादी देऊन टाकायची, बेरिलियम-बोरॉन, नायट्रोजन-ऑक्सिजन, मॅग्नेशियम-अल्युमिनियम, पाठ करा. सीईटीच्या प्रश्नांना हे बऱ्यापैकी पुरतं. क्लास चालवणाऱ्यांना हेच हवं होतं, दिवाळीच्या सुट्टीआधी बाँडिंग संपवायचं ठरलेलं होतं आणि त्यांच्या बाजूने ते रास्तच होतं, फी भरणारे पालक पोर्शन किती झाला हेच विचारतात.

दोन, सरळ वर जायचं. ऑर्बिटल (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता असलेली जागा), पेनिट्रेशन (इलेक्ट्रॉनचं केंद्रकाजवळ शिरणं), इफेक्टिव्ह न्यूक्लिअर चार्जची (इलेक्ट्रॉनला प्रत्यक्ष जाणवणाऱ्या केंद्रकाच्या भाराची) आकडेमोड. मला हे शिकवायला आवडतं, खरं सांगते, पण ज्या मुलाला धन भार ऋण भाराला ओढतो हे अणूच्या आत गेल्यावर आठवत नाही त्याच्यावर ऑर्बिटल ओतले तर तो ते पण पाठ करेल. एका गोष्टीच्या जागी दुसरी गोष्ट, बस.

तीन, मागे जायचं. अष्टकाची गोष्ट बाजूला ठेवून अणू म्हणजे भार आणि अंतर इथून परत सुरू करायचं, आणि आकडे मुलांच्या हातात द्यायचे.

तिसऱ्यासाठी चार लेक्चर लागणार होती. शिवाय क्रमाची एक अडचण होती. आमच्या तेव्हाच्या पुस्तकात अणूची रचना चौथ्या धड्यात, केमिकल बाँडिंग पाचव्यात, रेडॉक्स सहाव्यात आणि पिरियॉडिक टेबल सातव्यात. म्हणजे बंध का बनतो हे कळायला जी आयनायझेशन एनर्जी लागते तिचं सविस्तर प्रकरण बंधानंतर दोन धड्यांनी येतं. मी सातव्या धड्यातला ट्रेंड्सचा भाग पाचव्याच्या आधी घ्यायचं ठरवलं, आणि क्लासच्या सरांना सांगितलं की दिवाळीआधी बाँडिंग होईल पण मोल कन्सेप्टची उजळणी होणार नाही. ते फार खूश नव्हते, पण हो म्हणाले.

काय केलं

पहिल्या लेक्चरला आधी मी मानसीचा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि सांगितलं की दहावीला मी जी गोष्ट सांगितली होती ती या प्रश्नापुढे टिकत नाही, प्रश्न बरोबर आहे. मग प्रत्येकाला सोडियमच्या अकरा आयनायझेशन एनर्जींची यादी दिली, अकरा इलेक्ट्रॉन एकामागून एक काढायला प्रत्येक वेळी किती ऊर्जा लागते ती: ४९६, ४५६२, ६९१०, ९५४३, १३३५४, १६६१३, २०११७, २५४९६, २८९३२, १४१३६२, १५९०७६. कवच हा शब्द उच्चारायचा नाही असं स्वतःला बजावलं होतं.

आधी मुलांनी साध्या आलेख कागदावर काढून बघितलं आणि शेवटच्या दोन आकड्यांनी सगळा कागद खाल्ला, पहिले नऊ तळाशी चिकटले. तेव्हा लॉग टेबल काढायला लावलं. बोर्डाला कॅल्क्युलेटर नसतो त्यामुळे लॉग टेबल प्रत्येकाच्या दप्तरात असतंच आणि सगळे त्याचा राग करतात, इथे पहिल्यांदा ते कामाचं वाटलं. लॉग काढल्यावर २.७० वर एक ठिपका, मग मोठी उडी घेऊन ३.६६ पासून ४.४६ पर्यंत हळूहळू चढणारे आठ ठिपके, मग परत उडी आणि ५.१५ च्या वर दोन. घणसोलीचा एक मुलगा, त्याला रोहित म्हणू, बोटाने मोजत होता, एक, आठ, दोन, आणि एकदम म्हणाला, "मॅडम हे तर उलटं दोन-आठ-एक आहे!" सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कुठल्या कवचात किती इलेक्ट्रॉन, त्याने आठवीपासून शंभर वेळा लिहिलेलं, पण ते मोजमापातून दिसतं हे त्याला त्या दिवशी कळलं. या लेक्चरला एकाच्या जागी दोन दिवस गेले. मला त्याचं वाईट वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहिले आणि ते महिनाभर पुसू दिले नाहीत. केंद्रकात प्रोटॉन किती? बाहेरचा इलेक्ट्रॉन किती लांब? मधे आणि जोडीला दुसरे इलेक्ट्रॉन कोण? सोडियममध्ये ११ प्रोटॉन पण मधे १० इलेक्ट्रॉन, त्यामुळे बाहेरच्याला ढोबळमानाने एकाचीच ओढ जाणवते. क्लोरीनमध्ये १७ प्रोटॉन आणि मधे तेच १०, म्हणजे साधारण सात. कवच दोघांचं तिसरंच. मग १८६ पिकोमीटरचा सोडियम आणि ९९ चा क्लोरीन यात नवल राहत नाही.

'जोडीला असलेले फारसे झाकत नाहीत, मधले झाकतात' हे पटत नव्हतं. गणपती नुकतेच होऊन गेले होते, तेव्हा दिघ्याची एक मुलगी म्हणाली, मंडपात आपल्या पुढे दहा जण उभे असले की मूर्ती थोडीशीच दिसते, पण शेजारी कुणी उभं राहिलं तर काय फरक पडतो? मी इतकी वर्षं शिल्डिंगसाठी, म्हणजे या झाकण्यासाठी, उदाहरण शोधत होते. आणि यात कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही, नुसतं कोण कुठे उभं आहे एवढंच, म्हणून मला ते जास्त आवडलं.

चौथं लेक्चर मिठाचं. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जाताना खाडीपलीकडची मिठागरं सगळ्यांनी बघितलेली, तिथूनच सुरुवात केली. एक मोल सोडियम आणि त्याला लागेल तेवढा क्लोरीन घ्या आणि जमाखर्च मांडा. घट्ट सोडियमचे सुटे अणू करायला १०८ किलोज्यूल खर्च. इलेक्ट्रॉन काढायला ४९६. क्लोरीनच्या रेणूतून एक अणू सुटा करायला १२१. खर्च झाला ७२५. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत मिळतात ३४९. म्हणजे 'देवाणघेवाण' पूर्ण झाली, दोघांची अष्टकं झाली, आणि तरी आपण ३७६ ने तोट्यात. इथे मी मुद्दाम थांबले. वर्ग शांत होता. दहावीची गोष्ट इथेच संपायची, हसऱ्या चेहऱ्यांवर.

मग जाळी. धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक बनतो तेव्हा सुटतात ७८७. ३७६ वजा ७८७, म्हणजे ४११ किलोज्यूल नफा, आणि मिठाच्या निर्मितीची मोजलेली ऊर्जा तीच आहे. मीठ बनतं ते आयन एकमेकांना ओढतात म्हणून. मग चौथा प्रश्न परत काढला, एका सोडियमला दोन क्लोरीन का नाही. जाळीची ऊर्जा मॅग्नेशियम क्लोराइडइतकी, सुमारे २५०० धरली, तरी दुसरा इलेक्ट्रॉन काढायचे ४५६२ कुठून आणायचे? मुलांनीच हिशोब केला आणि २२०० च्या आसपास तोटा काढला. अष्टक मोडत नाही ते या किमतीमुळे. अष्टक हा निकाल आहे, इच्छा नाही.

शेवटची दहा मिनिटं नील बार्टलेट या रसायनशास्त्रज्ञाला दिली, कारण निष्क्रिय वायू हे नावच मुलांना फसवतं. त्याने बघितलं होतं की प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूमधून इलेक्ट्रॉन काढून घेतं, आणि ऑक्सिजनच्या रेणूची आयनायझेशन एनर्जी झेनॉन या निष्क्रिय वायूच्या ११७० च्या अगदी जवळ आहे, मग झेनॉनमधून का नाही निघणार? १९६२ मध्ये त्याने करून बघितलं आणि झेनॉनचं संयुग हातात आलं. तो अष्टकाचा नियम धरून बसला असता तर त्याने प्रयोगच केला नसता.

एक पालक भेटायला आले

याच सुमाराला एका मुलाचे वडील क्लासवर आले. रबाळे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहेत. म्हणाले, "मॅडम, पोरगा घरी सांगतो अष्टक चूक आहे. बोर्डात तर अष्टकच लिहायचं ना? त्याचे मार्क जायला नकोत." मी त्यांना बसवलं, वही दाखवली, सांगितलं की अष्टक चूक नाही हो काका, ते कारण म्हणून चूक आहे, आणि बोर्डाचं उत्तर पण मी लिहून घेते. बोलता बोलता मी म्हणाले की सोडियम आयन स्थिर असतो असं मुलं धरून चालतात. त्यावर ते म्हणाले, "आमच्याकडे स्टेबल म्हणजे गोडाऊनला ठेवलं तर काही होत नाही. कशाबरोबर ठेवलंय त्यावर असतं ते."

हेच तर होतं. स्थिर, पण कशाच्या शेजारी? मिठात क्लोराइडच्या गराड्यात सोडियम आयन स्थिरच आहे. एकटा, शेजारी मोकळा इलेक्ट्रॉन असताना, अजिबात नाही, तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तेच ४९६ परत सोडतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांचं वाक्य वर्गात सांगितलं, त्यांच्या मुलाचं नाव न घेता, पण त्याला कळलंच.

मधेच झालेली माझी चूक

जमाखर्चाच्या लेक्चरनंतर उत्साहाच्या भरात मी नियम केला की 'हवं असतं', 'द्यायचं असतं', 'आवडतं', 'खूश' हे शब्द वर्गात चालणार नाहीत, कुणी बोललं की मी अडवायचे. दोन लेक्चरमध्ये वर्ग गप्प झाला. मराठी माध्यमाची मुलं सगळ्यात आधी गप्प झाली, कारण त्यांच्याकडे त्या शब्दांच्या जागी ठेवायला दुसरे शब्द अजून नव्हते, इंग्रजी अर्धं आलेलं आणि मराठीतलं मी काढून घेतलेलं. मानसीने पण हात वर करणं बंद केलं. ते बघून नियम मागे घेतला आणि त्याऐवजी फक्त एवढं विचारायला लागले की 'हवं असतं म्हणजे काय, भार आणि अंतर वापरून सांग'. आधी मराठीत सांगायचं, मग तेच इंग्लिशमध्ये लिहायचं. मुलं चार दिवसांत परत बोलायला लागली.

निकाल

बाँडिंग दिवाळीच्या सुट्टीला आठवडा असताना संपलं. अपवाद वेगळे शिकवावे लागले नाहीत. अल्युमिनियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन थ्री-पी मध्ये (तिसऱ्या कवचाच्या जरा बाहेरच्या उपभागात) आहे, लांब आहे आणि थ्री-एसचे (त्याच कवचाच्या आतल्या उपभागातले) दोन त्याला थोडं झाकतात, हे तिसऱ्या प्रश्नातूनच निघालं. नायट्रोजन १४०२ आणि ऑक्सिजन १३१४ हे जड गेलं, ऑक्सिजनमध्ये चौथा पी-इलेक्ट्रॉन एका ऑर्बिटलमध्ये जोडीने बसतो आणि त्या दोघांत प्रतिकर्षण असतं, हे मलाच सांगावं लागलं.

डिसेंबरमध्ये तीच चिठ्ठी परत दिली. तोवर एक मुलगा क्लास सोडून गेला होता, तेरा होती. आयन आणि इलेक्ट्रॉनचा प्रश्न नऊ जणांनी कारणासकट बरोबर सोडवला. पण फेब्रुवारीत परत विचारल्यावर त्यातले तीन जण अष्टकावर परतले होते. इतकी जुनी गोष्ट चार लेक्चरने जात नाही, आणि मी मधल्या दोन महिन्यांत तिच्याकडे परत गेलेच नव्हते. मोल कन्सेप्टची उजळणी सोडल्याचा फटका पण बसला, युनिट टेस्टला हिशोबाच्या गणितांत बॅच मागे पडली. आणि इंग्रजी माध्यमाचा एक मुलगा, सगळे अपवाद आधीपासून पाठ असलेला, शेवटपर्यंत वैतागलेलाच राहिला. त्याचे मार्क आधीही चांगले होते, नंतरही, आणि त्याला हे सगळं कशासाठी ते मी पटवू शकले नाही.

आता वेगळं काय करते

सगळ्यात मोठा बदल दहावीच्या बॅचमध्ये केलाय. अष्टक तिथे पण शिकवते, पण 'सोडियमला द्यायचा असतो' म्हणत नाही, 'क्लोरीन जवळ असला की सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याच्याकडे जातो, कारण तो सैल बांधलेला आहे' असं म्हणते. वाक्य लांब होतं, हसरे चेहरे काढता येत नाहीत, आणि शेवटच्या बाकावरचे हात कमी वर होतात हे मान्य आहे. बाणांचा तक्ता लावते, पण तीन प्रश्न झाल्यावर. अकरावीला सोडियमची ती यादी आता पहिल्याच महिन्यात देते, त्यासाठी दोन लेक्चर धरूनच चालते, आणि तीच चिठ्ठी दर सहा आठवड्यांनी परत काढते. आणि एखाद्या मुलीचा प्रश्न माझ्याच दोन वाक्यांच्या मधे बोट घालत असेल तर त्या दिवशीचा पोर्शन तिथेच थांबतो.

मानसी आता बारावीत आहे. मागच्या आठवड्यात रात्री तिने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. इलेक्ट्रॉन घेतल्यावर क्लोरीन ३४९ सोडतो आणि फ्लोरीन ३२८. खाली लिहिलं होतं, "बाई, फ्लोरीन लहान आहे, इलेक्ट्रॉन जास्त जवळ येतो, मधे फक्त दोनच आहेत. आपल्या तीन प्रश्नांनी फ्लोरीन जास्त यायला पाहिजे. मग कमी का?" मी लगेच उत्तर पाठवलं नाही. तिला विचारलंय की तिसऱ्या प्रश्नातल्या 'जोडीला कोण' कडे परत बघ, एवढ्याशा जागेत सात जण आधीच आहेत. शनिवारी ती येणार आहे.